टीम आपल्या पोरांना निवडते, मग आपण टीम का निवडू नये?

मागच्या महिन्यात रात्री दहा वाजता फोन आला. उत्तर नागपुरातला आपलाच एक बांधव. ऑटो चालवतो, जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी सोबत असतो. आवाजात आनंद होता आणि घाईही. म्हणाला, "दादा, पोरीचं बास्केटबॉलच्या मोठ्या क्लबात सिलेक्शन झालं. तीन दिवसांत अठरा हजार भरायचे आहेत. बचत गटातून उचलतो म्हणतो."

मी अभिनंदन केलं आणि विचारलं, "अठरा हजार कशाचे?"

"फी असंल."

"वर्षाची की सहा महिन्यांची? प्रवास त्यात आहे का? पोरगी पहिल्या टीममध्ये आहे की नुसत्या सरावाला? सर कोण आहेत?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी काय विचारू दादा? आपल्याले त्यातलं काय समजते? त्यांनी घेतलं हेच खूप झालं."

"त्यांनी घेतलं हेच खूप झालं." मित्रांनो, हा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

हे वाक्य त्या बापाचं एकट्याचं नाही. शाळेच्या प्रवेशात, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या खोलीसाठी दारात उभं राहताना आपल्या बापजाद्यांनी ते शेकडो वेळा म्हटलं आहे. निवडणारा कायम समोरचा, आणि आपण निवडले गेलो तर कृतज्ञ. पण ज्या टीमला तुमच्या पोरीची उंची, वेग आणि घाम हवा आहे, ती टीम तुमच्यावर उपकार करत नाही. हा दोघांमधला करार आहे. तिने तुमची पोर पारखली, तशी तुम्ही टीम पारखली पाहिजे. तो तुमचा हक्क आहे, आणि लेकराच्या बाबतीत ते कर्तव्यही आहे.

खेळात जात नसते म्हणणाऱ्यांसाठी

इथे कुणीतरी म्हणेलच, "खेळात तरी जात आणू नका. मैदानावर फक्त मेरिट चालतं." त्यांनी पळवणकर बाळू यांचं नाव ऐकलेलं नसतं. चांभार कुटुंबातला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये खेळपट्टी तयार करायचं काम करत होता. सरावाला साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता तो देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं म्हणून त्याला घेतलं गेलं. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा, मातीचा, आणि जागा पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं, तेही भावांनी अन्यायाविरुद्ध उघड भूमिका घेतल्यानंतर. मेरिट तेव्हाही होतं. मेरिट ओळखायला लागणारी नियत नव्हती.

याच बाळूच्या सत्कारात तरुण भीमरावांनी पुढाकार घेतला होता, आणि पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजकीय मतभेद आपल्या जागी. पण खेळाडूचा अपमान हा समाजाचा अपमान असतो आणि खेळाडूचा सन्मान हा समाजाचा सन्मान असतो, हे तरुण भीमरावांना तेव्हाच कळलं होतं.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताच्या महिला हॉकी संघाचा ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पराभव झाला, तेव्हा हरिद्वार जिल्ह्यात वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाली. त्याच्या काही दिवस आधी तिने ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक केली होती, अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. देशासाठी गोल करणाऱ्या मुलीची जात लोकांना आठवते, तर तुमच्या वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलीचं आडनाव निवड समितीला दिसत नसेल का?

सगळेच प्रशिक्षक जातीयवादी असतात असं मी म्हणत नाही. आपल्या पोरांना स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देणारे सर मी पाहिले आहेत. पण "खेळात जात नसते" हे गृहीत धरून पोर सोपवू नका. पाहा, विचारा आणि मगच ठरवा.

"खेळून काय होणार? अभ्यास करू द्या"

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, मग पोरांना चेंडूमागे कशाला पळवता? या आक्षेपामागची भीती मला कळते. ज्या घरात पहिली पिढी कॉलेजात जाते आहे, तिथे एक वर्ष वाया जाणं परवडत नाही.

पण मैदान हेही संधीचं ठिकाण आहे, आणि जिथे संधी आहे तिथे प्रतिनिधित्व हवं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. रेल्वे, पोलीस, बँका, विद्यापीठं खेळाडू घेतात. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिना १० हजार रुपये हातखर्च मिळतो. आपली पोरं तिथे नसतील तर या जागा रिकाम्या राहत नाहीत, दुसरे घेतात. अनुसूचित जातीच्या जागांमधला खेळाडूंचा वाटासुद्धा पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून खेळाडूविना भरला जातो.

म्हणून प्रश्न खेळ की अभ्यास हा नाही. दोन्हींना जागा ठेवणारी टीम कोणती, हा प्रश्न आहे.

माझ्या भाच्याची वही

मी हे सगळं शहाणपणाने बोलतो आहे, पण आमच्या घरात आम्ही हीच चूक केली आहे. माझा भाचा चौदा वर्षांचा असताना शहरातल्या एका नावाजलेल्या क्लबने त्याला घेतलं. ताईने कानातलं गहाण टाकून बूट, किट आणि फी भरली. टी-शर्टवर क्लबचं नाव पाहून आम्ही सगळे फुगलो होतो. वस्तीत पेढे वाटले.

दोन वर्षांनी त्याने खेळ सोडला. कारण सांगेना. एक दिवस ताईला त्याची वही सापडली. शेवटच्या हंगामाचा हिशेब त्याने स्वतः लिहून ठेवला होता. अकरा सामने, मिळून एकोणीस मिनिटं. बाकी वेळ बाकावर. सामना संपल्यावर चेंडूंची पिशवी आणि पाण्याचे कॅन उचलायचं काम मात्र ठरलेलं. एका सामन्यात त्याने विचारलं, "सर, मला कधी?" तर सर हसून म्हणाले, "तुमचं काय, तुम्हाला कोटा आहे." सगळी टीम हसली. तो घरी आला आणि काही बोलला नाही.

बास्केटबॉलचा हिशेब साधा आहे. पूर्ण सामना ४० मिनिटांचा, एका वेळी मैदानावर पाच खेळाडू. म्हणजे एका टीमकडे वाटायला एकूण २०० मिनिटं असतात. संघात बारा जण धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी साडेसोळा मिनिटांच्या वर येतात. अकरा सामन्यांत माझ्या भाच्याचा सरासरी वाटा १८३ मिनिटांचा होता. त्याला मिळाली एकोणीस. स्पर्धेच्या टीममध्ये समान वाटणी होत नाही, हे मलाही कळतं. चांगला खेळणारा जास्त खेळणार. पण ज्याला सरासरी वाट्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो, तो खेळाडू म्हणून तिथे नसतो. इतरांच्या सरावासाठी आणि फी भरण्यासाठी त्याला ठेवलेलं असतं. त्याच्या आईच्या कानातल्यावर क्लबचे चषक चमकतात.

आम्ही त्या क्लबला एकही प्रश्न विचारला नव्हता. म्हणून आता प्रश्न लिहून ठेवतो, म्हणजे तुमच्या घरात अशी वही सापडणार नाही.

काय विचारायचं, काय पाहायचं

पहिली गोष्ट, पैसे भरण्याआधी त्या टीमचे दोन सामने आणि दोन सराव जाऊन पाहा. कामाची एक पाळी बुडाली तरी चालेल. बाकावर बसलेली पोरं पाहा. शेवटच्या तीन-चार पोरांना किती मिनिटं मिळतात ते घड्याळ लावून मोजा, कारण तुमचं पोर नवीन असेल तर ते तिथेच बसणार आहे. मग सरांना सरळ विचारा, "पहिल्या वर्षी माझी मुलगी साधारण किती खेळेल? कशात सुधारली तर जास्त खेळेल?" चांगला प्रशिक्षक या प्रश्नाचं उत्तर देतो. "आम्ही बघू ना, तुम्ही नका काळजी करू" हे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट, सर पोरांना काय शिकवतात ते पाहा. लहान मुलांसाठी पाच नंबरचा छोटा चेंडू असतो आणि रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर लावता येते. दहा वर्षांच्या पोरांना मोठा चेंडू आणि उंच रिंग देऊन जो नुसता सामने जिंकायच्या मागे आहे, तो पोरांना घडवत नाही, वापरतो. आणि हे खास पाहा. उंच पोराला रिंगखाली उभं करून ठेवलंय आणि बुटक्याला कधी आत येऊ दिलं जात नाही, असं चाललंय का? बाराव्या वर्षी उंच असलेलं पोर सोळाव्या वर्षी मधल्या उंचीचं होऊ शकतं. त्याला चेंडू हाताळायला, पास द्यायला शिकवलंच नसेल तर त्याचा खेळ तिथेच संपतो. जात माणसाला जन्माच्या वेळीच कामाला बांधून टाकते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. बाराव्या वर्षी शरीर पाहून जागा कायमची ठरवणारा प्रशिक्षक त्याच वळणाचा विचार करत असतो. चांगल्या टीममध्ये प्रत्येक पोर सगळं शिकतं.

तिसरी गोष्ट, पैसे. पूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागा. त्यात फी, किट, स्पर्धेची प्रवेश फी, रेल्वेचं भाडं, राहणं-जेवण आणि "ऐच्छिक वर्गणी" सगळं आलं पाहिजे. पावती मागा. मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते विचारा. फीमध्ये सवलत आहे का हेही मान खाली न घालता विचारा. पण सवलत घेतलेल्या पोराकडून मैदान झाडून घेणारी, सामान उचलून घेणारी टीम असेल तर ती सवलत नको. ती वेठबिगारी आहे. सामान उचलायचं असेल तर सगळ्यांनी पाळीने उचलावं.

चौथी गोष्ट, कागद. यात आपली माणसं सर्वांत जास्त फसतात. बास्केटबॉलचे अधिकृत मार्ग मुख्यतः दोन. एक शालेय क्रीडा स्पर्धांचा. तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात. दुसरा संघटनेचा. जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ. याशिवाय खासगी मंडळी "नॅशनल", "इंटरनॅशनल" अशी नावं देऊन स्पर्धा भरवतात, हजारो रुपये घेतात, पदकं गळ्यात घालतात. खेळायला त्या वाईट नाहीत, पण नोकरीच्या पडताळणीत तो कागद चालत नाही. कोणत्या पदाला कोणत्या स्पर्धेतलं यश लागतं, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. तो तुमच्या कराच्या पैशावर चालणारा विभाग आहे. संघटनांमध्येही गटबाजी असते. २०१५ साली तर देशाच्या महासंघावरच दोन गटांनी दावा सांगितला होता. म्हणून तुमची टीम ज्या जिल्हा संघटनेकडून खेळते तिला सध्या मान्यता आहे का, हे दरवर्षी तपासा. आणि कुणी वय कमी दाखवायचा सल्ला दिला तर त्याच क्षणी उठून या. पकडलं जातं ते पोर. सल्ला देणारा नामानिराळा राहतो.

पाचवी गोष्ट, सुरक्षितता आणि सन्मान. मुलींच्या टीमसोबत बाहेरगावी कोणती महिला जाते, मुक्काम कुठे, खोलीत कोण, फोन कुणाला करायचा, हे प्रवासाआधी लेखी घ्या. प्रशिक्षक कुठल्याही मुलाला किंवा मुलीला एकटं खोलीवर, घरी बोलावत असेल तर ती धोक्याची घंटा समजा. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. जातिवाचक शिवीगाळीसाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. दररोज कायदा काढायची गरज नसते, पण आपल्याला तो माहीत आहे हे समोरच्याला माहीत असावं.

आणि सहावी गोष्ट, अभ्यास. परीक्षेच्या महिन्यात सराव कसा असतो? क्लबची मोठी पोरं दहावी-बारावीला काय करतात? आधीच्या दोन-तीन पालकांना भेटून विचारा. खरी माहिती तिथेच मिळते.

मोठं नाव की मोकळं मैदान?

आपल्याला नावाची ओढ असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारातून हाकललं, त्यांना मोठ्या दरवाजाचं आकर्षण असणं स्वाभाविक आहे. पण खेळाडू दरवाजाने घडत नाही, मैदानावर घालवलेल्या तासांनी घडतो.

मुंबईच्या नागपाड्याचं उदाहरण घ्या. कष्टकऱ्यांची, दाटीवाटीची मुस्लिमबहुल वस्ती. तिथे बास्केटबॉलचं मैदान वस्तीच्या मधोमध होतं आणि पोरांना खुलं होतं. गल्लीतला मोठा लहानाला शिकवत गेला. त्याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एकटे तेच नाहीत, तिथून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. पंजाबच्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग लुधियानाच्या अकादमीत घडला आणि २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. मैदान, शिकवणारा आणि खेळायला मिळणारा वेळ, एवढं मिळालं की वस्तीतलं पोर कुठे पोहोचू शकतं ते यावरून दिसतं.

अमेरिकेतही हा खेळ एके काळी गोऱ्यांचाच होता. १९५० पर्यंत एनबीएमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कॉलेजच्या संघांमध्ये एका वेळी किती कृष्णवर्णीय उतरवायचे याची अलिखित मर्यादा असायची, आणि तेव्हाही कारण "मेरिट"च सांगितलं जायचं. १९ मार्च १९६६ ला टेक्सास वेस्टर्न कॉलेजने अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरवले आणि सगळे गोरे असलेल्या केंटकीला ७२-६५ ने हरवलं. त्या पोरांनी केंटकीच्या बाकावर बसायची वाट पाहिली नव्हती. जी टीम खेळू देईल तिच्याकडून ते खेळले. आपल्या पॅंथरांनी अमेरिकेतल्या पॅंथरांकडून नाव घेतलं, तसा आपण त्यांच्याकडून हा धडाही घ्यावा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या क्लबात बाकावर आणि छोट्या टीममध्ये मैदानावर, असा पर्याय असेल तर सोळा वर्षांपर्यंत छोटी टीम निवडा. पोर तयार झाल्यावर मोठा क्लब स्वतः दारात येईल, तेव्हा अटी आपल्या असतील. मोठ्या क्लबातही खेळायला मिळत असेल, मान मिळत असेल आणि घर कर्जात बुडत नसेल, तर बिनधास्त घाला. मोठ्या क्लबाशी आपलं वैर नाही. प्रश्न न विचारता पोर आणि पैसा त्यांच्या हाती देण्याला विरोध आहे.

चळवळीचं काम

कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, जातपडताळणीसाठी पालकांसोबत कचेरीत जातो. तसंच निवड चाचणीच्या दिवशी आणि फी भरायच्या दिवशी पालकांसोबत जा. बापाशेजारी एक शिकलेला तरुण शांतपणे वही-पेन घेऊन बसला की समोरच्याची भाषा बदलते. महापालिकेचं कोर्ट वस्तीत असेल तर दिवे का बंद आहेत, रिंग का मोडली आहे, कोर्ट लग्नाच्या मंडपाला का दिलं आहे, याचा जाब नगरसेवकाला विचारा. १४ एप्रिलच्या डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर एका टीमचे चेंडू, जाळ्या आणि बूट येतात. विहारात वाचनालय हवं तसं विहारामागे मैदानही हवं.

त्या ऑटोवाल्या बांधवासोबत मी तिसऱ्या दिवशी क्लबात गेलो. सहाही प्रश्न विचारले. अठरा हजार सहा महिन्यांचे निघाले, प्रवास वेगळा, पावती "नंतर देऊ". मुलगी सरावाच्या तुकडीत होती, पहिल्या टीममध्ये नाही. आम्ही चहा घेतला, आभार मानले आणि पैसे खिशात ठेवून परत आलो. बाहेर आल्यावर पोरगी रडली. बापही गप्प होता. मलाही रात्रभर झोप आली नाही, आपण तिची संधी तर घालवली नाही ना, या विचाराने.

आता ती महापालिकेच्या शाळेतल्या एका सरांच्या टीमकडून खेळते. कोर्टाचं सिमेंट उखडलेलं आहे. टीम मागच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरली. ती चोवीस मिनिटं खेळली. मिनिटं तिने स्वतः मोजली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितली.

जयभीम!